वरात चौकातच थांबली

धम्माभाऊ इंगोले आमच्या घरी पहिल्यांदा आले ते आमच्या कुकरची तक्रार घेऊन.

रविवार होता. मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो, आत कुकर लागला होता. दारात एक उंच, सडपातळ, मिशाळ गृहस्थ येऊन उभे राहिले. पायांत स्लीपर, हातांवर तारेचे ओरखडे. नमस्कार नाही, ओळख नाही.

"वहिनी कुठी आहे?"

"आत आहे. का हो?"

"त्यायचा कुकर घाई करून राह्यला."

मी पेपर खाली ठेवला. असं वाक्य माणसाच्या आयुष्यात रोज येत नाही.

"पहिली शिट्टी बराबर पडली," ते अगदी गंभीरपणे सांगू लागले, "दुसरी बी बराबर पडली. तिसरी लवकर आली ना साहेब! मी भिंतीच्या तिकडे वाजवून राह्यलो, आन् इकडून ही मधातच येते. माणसानं कसं वाजवावं?"

माझी बायको कणकेच्या हातांनी बाहेर आली. ती बुलढाण्याची आहे, ऐकून घेणाऱ्यांतली नाही. "मग तुम्हीच या आत आणि गॅस सांभाळत बसा," ती म्हणाली. आणि हा माणूस खरोखर आत गेला! गॅस बारीक केला, स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून डोळे मिटले, मान हलवत शिट्टीची वाट पाहिली, आणि शिट्टी झाल्याबरोबर "हां! अशी!" असं म्हणून चालता झाला. त्या दिवशी भात कच्चा राहिला. मी मात्र त्या माणसाच्या प्रेमात पडलो तो आजतागायत.

दारव्ह्याला आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान. आजूबाजूच्या खेड्यांतून विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी त्यांच्याकडे येतात. धम्माभाऊ तांब्याची तार गुंडाळून त्या पुन्हा जिवंत करतात, मग चालू करून कान लावतात.

"आता पाहा कशी गाऊन राह्यली," ते मोटारीच्या मालकाला सांगतात. "पयले बेसूर होती."

"भाऊ, पानी फेकते का तेवढं सांगा ना," मालक म्हणतो.

दिवसा मोटारी आणि संध्याकाळी बेस गिटार. धम्माभाऊ फंक वाजवतात. हो, फंक. दारव्ह्यात. चष्मा पुसून पुन्हा वाचलंत तरी तेच दिसेल.

फंक म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी नाचण्यासाठी घडवलेलं संगीत. गाणं फारसं पुढे जात नाही, एकाच जागी घोळत राहतं. गिटार कुजबुजते, ट्रंपेट मधूनच शिंतोडे उडवतं, आणि सगळ्यांच्या बुडाशी ड्रम आणि बेस हातात हात घालून कंबर हलवत असतात. ही माझी व्याख्या. धम्माभाऊंची व्याख्या त्यांनी मला सकाळी टपरीवर उभ्या-उभ्या सांगितली होती.

"हे पोहे पाहून राह्यले ना तुमी? हे झालं गाणं. हे सगळेच करते. आन् ही वरून टाकली ते तर्री, ते झाला बेस. तर्री नसली त माणूस पोहे खाते, पण बोटं नाही चाटत."

तरुणपणी ते भीमगीतांच्या पार्टीत होते. जयंतीच्या दिवसांत गावोगाव कार्यक्रम व्हायचे. तेव्हा नागपूरला रेल्वे कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या गिटारवाल्यानं त्यांना हा नाद लावला. म्हातारा गेला, नाद राहिला. पुढे दारव्ह्यातल्याच लग्नाच्या बँडमधले दोन ट्रंपेटवाले त्यांनी पावसाळ्यात, म्हणजे बेकारीच्या दिवसांत गाठले, एक कॅसिओवाला शोधला आणि आमची फंक पार्टी उभी राहिली. आमची म्हणतो, कारण मीही तिच्यात आहे. मी दिवसा विमा विकतो. एकदा धम्माभाऊ मला म्हणाले, "जोशीसाहेब, तुमचा आवाज मोठा आहे आन् लाज कमी. माइक धरा." तेव्हापासून मी निवेदक आहे.

त्यांच्या बेसचा आवाज ज्यातून निघतो तो डबा त्यांनी जुन्या कूलरचा केला आहे. पंख्याच्या जागी स्पीकर, बाकी पत्रा तोच. एप्रिल-मेमध्ये कुठे कार्यक्रम असला की दोन-चार म्हातारे हमखास त्याच्यासमोर खुर्च्या टाकून बसतात. आणि थोड्या वेळानं एक जण उठून तक्रार करतोच. "चालू त आहे भाऊ, पण हवा नाही फेकून राह्यला."

धम्माभाऊंची दोनच वाक्यं. एक, "घाई कायची?" आणि दुसरं, "जागा सोड!" लग्नाच्या बँडमधल्या माणसाला छाती फुटेस्तोवर फुंकायची सवय. आमच्या ट्रंपेटवाल्यांना पहिले सहा महिने तालमीत फक्त गप्प बसायला शिकवलं.

"अबे जागा सोड ना! तूच सगळं वाजवलं त आइकनाऱ्यानं काय करावं?"

"भाऊ, पैसे फुंकायचे भेटते. चूप बसायचे कोन देते?"

"मी देतो. बस चूप."

मलाही सुटका नव्हती. मी एखादा कार्यक्रम रंगवून सांगायला लागलो, दोन शेर टाकले, तिसरा टाकायच्या बेतात असलो, की मागून कूलर गुरगुरायचा. समजायचं, निवेदकानं जागा सोडायची आहे.

हे वेड आमच्यापुरतं राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. पण पुसदवाल्यांनी आम्हाला एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ऐकलं आणि स्वतःची पार्टी काढली. मग उमरखेडवाल्यांना चेव आला. आता आमच्या जिल्ह्यात तीन फंक पार्ट्या आहेत आणि तिन्ही स्वतःला पहिली म्हणवतात. कव्वालीचे मुकाबले होतात तसे आमचे मुकाबले होतात. समोरासमोर दोन स्टेज, हे वाजवणार, ते उत्तर देणार, आणि मधे पब्लिक दोन्हीकडे पाठ फिरवून नाचणार. तुम्ही पाहिलं नसेल तर तुमचं आयुष्य वाया गेलं असं मी म्हणत नाही, पण माझ्या मनात तेच आहे.

आणि आमच्या पार्टीचं हुकमी पान म्हणजे प्रज्ञा. धम्माभाऊंची एकुलती एक मुलगी. ड्रमवर.

लहानपणी ती तेलाच्या पिप्यांवर वाजवायची. मग धम्माभाऊंनी नागपूरहून जुना ड्रमसेट आणला. पुढे ती फार्मसी शिकली, बसस्टँडजवळच्या मेडिकलमध्ये कामाला लागली, तिथंही गोळ्यांच्या पाकिटावर ठेका धरून गिऱ्हाइकाला गोंधळात टाकू लागली. त्या घरात बापलेकीचं बोलणं फारसं ऐकू यायचं नाही. संध्याकाळी ती ड्रमवर बसायची, ते दुकानाचं शटर अर्धं ओढून बेस गळ्यात घालायचे, आणि आमच्या फडताळातल्या कपबश्या नाचायला लागायच्या.

कुंदावहिनी, म्हणजे धम्माभाऊंची बायको, माझ्या बायकोजवळ गाऱ्हाणं करायच्या, "लोकायच्या घरी बापलेक बोलते, रुसते. आमच्या घरी नुस्ती धडधड होते. भांडून राह्यले का लाड चालू आहे, मले त काई समजत नाही बाई."

मग एका संध्याकाळी पुसदला उमरखेडवाल्यांशी मुकाबला झाला. त्यांचा ट्रंपेटवाला आशिष, देखणा पोरगा, वाजवायला तिखट. आमच्या प्रज्ञानं एक तुकडा फेकला. त्यानं उत्तर द्यायला ट्रंपेट उचललं, ओठाला लावलं आणि वाजवलंच नाही. तिचा तुकडा विरेपर्यंत तसाच उभा राहिला, मग हळूच एकच सूर लावला. पब्लिक ओरडलं. मी माइकवरून "वाह वाह!" केलं. परत येताना जीपमध्ये सगळे हसत-खिदळत होते, फक्त धम्माभाऊ खिडकीबाहेर पाहत होते.

"काय झालं भाऊ? मुकाबला तर आपण मारला!"

"पोट्टी गेली आपली," ते म्हणाले.

"कुठं गेली? मागच्या सीटवर भजे खाऊन राहिली!"

"तो थांबला ना तिच्यासाठी. पाह्यलं नाही काय तुमी?"

मी पाहिलं होतं. ऐकलं एकट्या धम्माभाऊंनी होतं. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही घरांची बोलणी झाली, लग्न ठरलं.

आता अडचण उघड होती. प्रज्ञा उमरखेडला गेली की धम्माभाऊंच्या शेजारी वाजवणार कोण? त्याच्या खाली आणखी एक अडचण होती, ती कोणी मोठ्यानं बोलून दाखवत नव्हतं. या माणसाचं घरातलं सगळं बोलणं त्या ड्रमशी चालायचं. ते आता कोणाशी चालणार?

नवा ड्रमर शोधायचं काम माझ्याकडे आलं. यवतमाळहून एक हातमोजेवाला पोरगा आणला. "हात चांगला आहे," धम्माभाऊ म्हणाले, "पण वाजवायच्या आंधी विचार करते." मग एक शाळेतले संगीत शिक्षक आणले. "हे विचारच नाही करत." मग आपल्या गावचा गजू ढोलवाला. गजूचे हात म्हणजे गारपीट. दोन ठोक्यांच्या मधे तिळाएवढी जागा दिसली तरी तिच्यात चार ठोके कोंबणार.

"गज्या, जागा सोड!"

"सोडली ना भाऊ!"

"कुठी सोडली?"

"मनातल्या मनात."

कुंदावहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "प्रज्ञाचे बाबा, तुमाले ड्रमर नाही पायजे. तुमाले प्रज्ञा पायजे. तसं सांगा ना मंग साऱ्यायले, उगीच त्या गरिबाले कायले झापता?"

धम्माभाऊंनी चहा घेतला नाही. गजू मात्र त्या दिवसापासून पार्टीत आला.

वरातीचा प्रश्न निघाला तेव्हा मुलाकडचे म्हणाले, डीजे सांगू. धम्माभाऊ उभेच राहिले. "माह्या पोरीच्या लग्नात मशीन वाजन? वरात मी वाजवतो!"

"आन् मांडवाच्या दारात स्वागत कोन करन?" कुंदावहिनी. "पोरीचा बाप वरातीत नसते, वरातीची वाट पाहून राह्यते."

"वाजवत येईन, मांडवापाशी उतरीन, आन् स्वागत करीन."

"म्हंजे सोताच याचं, आन् सोताच म्हनाचं, या या, बसा?"

"हाव. काय होते?"

लग्नाच्या दिवशी सकाळी ऊन असं होतं की सावलीलाही सावली हवी होती. उमरखेडची मंडळी शाळेच्या इमारतीत उतरली होती. तिथून बसस्टँडच्या चौकातून विहाराजवळच्या मांडवात यायचं, अंतर काय ते, बिडी संपायच्या आत माणूस पोचतो. आमची पार्टी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. मागे जनरेटर, मधे कूलर, गजू ड्रमवर, ट्रंपेटवाले कडेला, मी माइक घेऊन पुढे. ठरलं असं की ट्रॅक्टर कधी पुढे न्यायचा, कधी थांबवायचा, हा इशारा धम्माभाऊंनी द्यायचा. ट्रॉलीच्या पत्र्यावर दोन थापा म्हणजे चला.

चौकात आलो. धम्माभाऊंनी एक चाल धरली. साधी, बारकी, खोडकर. वीसेक पावलांवर चालणारं पब्लिक थबकलं. लग्नाचा बँड माणसाला पुढे ढकलतो, पण या चालीत पुढे जायला वाटच नव्हती. जिथं आहात तिथंच खाली बसल्यासारखं करायचं आणि उठायचं. उमरखेडच्या आत्याबाई, पांढऱ्या लुगड्यातल्या, गुडघेदुखीच्या, त्यांनी पदर खोचला. मुलाचे काका फेटा सावरत घुसले. यवतमाळची एसटी आली, ड्रायव्हरनं हॉर्न मारला, नेमका ठेक्यात मारला! धम्माभाऊंनी डोळे मिटूनच त्याला उत्तर दिलं. ड्रायव्हर भांडायला खाली उतरला आणि नाचायला राहिला. प्रवासी खिडक्यांतून शिट्ट्या मारू लागले. नवरदेवाची घोडी मात्र पार गोंधळली. आयुष्यभर वरातीच्या तालावर नाचलेलं जनावर, या चालीवर कोणता पाय आधी टाकावा तेच तिला कळेना, ती मागे-मागे सरकू लागली. शेवटी आशिषच खाली उतरला, वऱ्हाडातल्या कोणाच्या तरी हातातलं आपलं ट्रंपेट घेतलं आणि सामील झाला.

मी माइकवर काय बोललो ते मला आठवत नाही. खूप बोललो एवढं नक्की. त्या दिवशी कूलर माझ्यावर गुरगुरला नाही.

असा बराच वेळ गेला. घामानं सगळे भिजले. मांडवातून एक निरोप्या आला, मग दुसरा, मग खुद्द तायडे गुरुजी आले, लग्न लावणारे बौद्धाचार्य. ट्रॉलीचा कठडा धरून मला म्हणाले, "अहो जोशी, मले दुपारी दिग्रसले एक लग्न लावाचं आहे! धम्माभाऊले म्हना, आता चला!"

मी धम्माभाऊंच्या कानाशी गेलो. "भाऊ, थापा मारा. गुरुजी आलेत."

"अजून जमून नाही राह्यलं."

"काय जमायचं आहे? आख्खा चौक नाचून राहिला!"

"गज्या घाई करते."

गजू घाई करत नव्हता. जन्मात पहिल्यांदा, घाबरून असेल, बिचारा दोन ठोक्यांत चांगली वावभर जागा सोडत होता. मी धम्माभाऊंकडे नीट पाहिलं. डोळे मिटलेले नव्हते. चौकातून सरळ मांडवाचं पांढरं कापड दिसत होतं, दारातली कमान दिसत होती. ते तिकडे पाहत होते आणि त्यांची बोटं तीच चाल पुन्हा, पुन्हा, पुन्हा फिरवत होती. ट्रॅक्टर जोवर इथं उभा होता तोवर वरात पोचत नव्हती. वरात पोचत नव्हती तोवर लग्न लागत नव्हतं.

मी आयुष्यात कधी नाही ते गप्प झालो. माइक खाली केला. तायडे गुरुजींना म्हणालो, "कुंदावहिनींना सांगा. त्यांनाच कळेल."

कुंदावहिनी आल्या नाहीत. प्रज्ञा आली.

पांढरी साडी, हातात हिरवा चुडा, केसांत मोगरा, मागे धावणाऱ्या मावश्या. "अगं माय, नवरी अशी भायेर नाही येत! पर्ज्ञा! वापस चाल!" गर्दी आपोआप बाजूला झाली. आशिषनं ट्रंपेट खाली घेतलं. ती त्याच्याजवळून गेली, त्याच्याकडे पाहिलंही नाही. चाकावर पाय देऊन ट्रॉलीत चढली.

"गजूकाका, सरका जरा."

गजू एवढ्या आनंदानं सरकला की पडता-पडता वाचला. ती बसली. साडी गुडघ्यात घट्ट घेतली, काठ्या उचलल्या, थोडा वेळ नुसतं ऐकलं आणि शिरली.

मी शब्दांवर पोट भरणारा माणूस आहे, तरी मला हे सांगता येणार नाही. इतका वेळ चौक नाचत होता ती गंमत होती. आता ट्रॉलीच हलू लागली. कूलरचा पत्रा थरथरला. आत्याबाई "माय वं!" म्हणून ओरडल्या आणि गुडघे विसरून उड्या मारू लागल्या. एसटीचा ड्रायव्हर बसच्या पत्र्यावर हातानं थापा देत होता. तायडे गुरुजींचं डोकं डावी-उजवीकडे डुलत होतं, आणि ते लपवण्यासाठी ते घड्याळ पाहिल्यासारखं करत होते. चुडा खळखळत होता, मोगरा गळून ड्रमवर पडत होता आणि काठीबरोबर उडत होता. धम्माभाऊ आता मांडवाकडे पाहत नव्हते. मुलीकडे वळले होते. ती काही म्हणायची, ते उत्तर द्यायचे. ते काही विचारायचे, ती मान हलवून नाही म्हणायची. एकदा ती हसली. एकदा त्यांनी चालीत असं काहीतरी टाकलं की तिनं खालचा ओठ दातात धरला. सगळं बोलणं सगळ्यांसमोर चाललं होतं, आणि कोणाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

आणि दोघं एकदम थांबले. कोणी कोणाला खूण केली नाही. ट्रंपेटवाले दोन-चार सूर तसेच पुढे गेले आणि बावचळून गप्प झाले. चौकात जनरेटरची घरघर तेवढी राहिली.

प्रज्ञानं काठ्या ड्रमवर आडव्या ठेवल्या. "बाबा, मी मांडवात जातो. तुमी या."

"हाव," ते म्हणाले.

ती उतरली, मावश्यांच्या घोळक्यात गेली. धम्माभाऊंनी पत्र्यावर दोन थापा मारल्या. ट्रॅक्टर निघाला. पण ते ट्रॉलीवर राहिले नाहीत, खाली उतरून आशिषच्या शेजारी चालू लागले. वरात वाजंत्रीशिवाय निघाली होती आणि कोणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. मीही उतरून त्यांच्या मागेच चालत होतो, म्हणून ऐकलं.

"आशिषराव, एक सांगून ठेवतो."

"बोला ना मामाजी."

"ती घाबरली ना, त वेग वाढवते. आपल्याले वाटते जोशात आली. जोशात नसते. घाबरलेली असते. तिच्या मागं पळू नोका. 'हळू' बी म्हनू नोका, तिले राग येते. आपन आपल्या जागेवर वाजवत राहाचं. येते वापस."

आशिषनं मान हलवली. म्हणाला, "किती वेळ लागते तिले यायले?"

"कधी कधी आख्खं गानं जाते," धम्माभाऊ म्हणाले.

आशिषनं ट्रंपेट दुसऱ्या हातात घेतलं आणि आपली चाल जरा कमी केली. मांडव जवळच होता. दोघं बरोबरीनं चालत राहिले.